जाई गेली

"नाव?"

"वसंत उपळावीकर."

"तसलं नको हो काका. ग्रुपवरचं नाव सांगा."

टेबलामागच्या बाईंच्या छातीवर पानाच्या आकाराचा हिरवा पुठ्ठा होता. त्यावर लिहिलं होतं, 'सदाफुली, सातारा'. तसले दीडएकशे पुठ्ठे त्यांनी समोर ओळीनं मांडून ठेवले होते. कुंडीतला वाघ, बोन्सायबाबा, गुलाबी कर्दळ, असली नावं.

"हिरवी ओंजळ," मी म्हणालो.

बाई उभ्याच राहिल्या. "अगंबाई! ओंजळताई आल्या? कुठायत?" आणि माझ्या पाठीमागं वाकून बघायला लागल्या.

"मी तिचा नवरा. ती... गेली."

"गेल्या? आत गेल्या? अहो, बॅज न घेता कशा गेल्या? बॅजशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, असं ठरलंय समितीत. तुम्ही तरी सांगायचं की!"

मी तोंड उघडेपर्यंत त्या पुठ्ठा घेऊन आत पळाल्या. दोन मिनिटांनी कर्ण्यातून आवाज आला, "हिरवी ओंजळ, मिरज. आपण बॅज न घेता सभागृहात गेला आहात. कृपया नोंदणीच्या टेबलाशी यावे."

एसटीत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवर चुकलेली माणसं माइकवरून बोलवायचं काम माझंच. माझ्या हयातीत मी हजारभर माणसं तरी बोलावली असतील. बहुतेक सापडायची. त्यामुळं तो पुकारा ऐकून मीही क्षणभर आतल्या दाराकडं बघितलं.

ही सात वर्षांमागची गोष्ट. कराडच्या एका मंगल कार्यालयात 'अंगण ते गच्ची' या ग्रुपची पहिली भेट होती. फेसबुकवरचा झाडं लावणाऱ्यांचा ग्रुप. चौदा हजार माणसं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, खरं नाव माहीत नाही, पण कुणाच्या कुंडीत मुंग्या झाल्यात आणि कुणाचा कढीपत्ता वाढत नाही हे सगळ्यांना पाठ. माझी बायको त्यात आठ वर्षं होती. दुपारी जेवणं झाली की दोन ते चार तिचा फोन आणि ती. मी वामकुक्षी करायचो. मध्येच ती एकटीच हसायची, नाहीतर "मूर्ख आहे मेला," असं म्हणायची. कोण मूर्ख, असं मी कधी विचारलं नाही.

तिचं नाव जाई. माहेरचंही तेच आणि सासरचंही तेच. लग्नात नाव बदलायचा विषय निघाला तेव्हा माझी आई म्हणाली होती, असू दे, चांगलं आहे, बदलून याहून बरं काय ठेवणार.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी ती गेली. पाच दिवसांत आटोपलं. नातेवाईक आले, दिवस झाले, मुलगी हैदराबादला परत गेली. पण तिचा फोन वाजतच होता. ओंजळताई, कुठं आहात? ओंजळताई, पानं पिवळी पडतायत, सांगा ना. डेपोत कुणी गेलं तर आम्ही फळ्यावर लिहायचो. ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळलं पाहिजे. ही चौदा हजार तिची माणसं होती. मी चष्मा लावला आणि तिच्या फोनवरून एका बोटानं लिहिलं, 'शुक्रवारी पहाटे जाई गेली.'

एवढंच लिहिलं. पुढं काय लिहायचं ते सुचलं नाही.

तासाभरात त्रेसष्ट उत्तरं आली.

'अरेरे! कुंडीतली की जमिनीतली?'

'पाणी जास्त झालं असणार. पावसाळ्यात रोज घालू नका म्हणून मी कितीदा लिहिलंय इथं.'

'खत कुठलं घालत होता?'

'ताई, निंबोळी पेंड घातली असती तर वाचली असती.'

'जाई गेली तर जुई लावा. जुई जास्त चिवट असते.'

'आमची पण गेली मागच्या वर्षी. आता मी प्लास्टिकची आणलीय. काही कटकट नाही.'

आणि एकानं लिहिलं होतं, 'लगेच उपटून टाकू नका. खोड नखानं खरवडून बघा. आत हिरवं असेल तर आशा सोडू नका.'

चूक दुरुस्त करायला मी फोन हातात घेतला होता. हे शेवटचं वाचलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परत उघडला आणि तेच परत वाचलं. मग एका बाईनं विचारलं होतं की गोकर्णाच्या बिया भिजवायच्या का, तर जाईच्या जुन्या उत्तरांत शोधून मी लिहिलं, 'रात्रभर भिजवा.' त्या म्हणाल्या, 'धन्यवाद ताई, तुम्ही आहात म्हणून बरं आहे.' असे तीन महिने गेले.

मग ॲडमिनबाईंनी भेटीची टूम काढली. मंजिरी ताम्हनकर त्यांचं नाव, ग्रुपवर 'वनश्री'. एकवीस जणांची समिती झाली आणि तीत ओंजळताईंना, म्हणजे मला, न विचारता घातलं. पहिले आठ दिवस कार्यक्रमाला 'संमेलन' म्हणायचं की 'स्नेहभेट' यावर गेले. 'मेळावा' म्हणणारे तिघे हरले, तर त्यांनी 'भेट समिती (मूळ)' असा वेगळा ग्रुप काढला. मग सेंद्रियवाल्यांनी जाहीर केलं की रासायनिक खत वापरणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. शेवटी वाढप एकच, पण रांगा दोन, असं ठरलं. जागेचा निकाल मात्र माझ्यामुळं लागला. सगळ्यांना मध्ये काय पडतं ते मला विचारायची गरज नव्हती. मी कराड लिहिलं आणि पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली, विटा इथून निघणाऱ्या गाड्यांच्या वेळा खाली लिहिल्या, थांब्यांसकट. त्यावर दोनशे अंगठे आले. 'ओंजळताईंना एसटीचं पण केवढं ज्ञान!'

मी कराडला आलो ते एकाच कामासाठी. तिथं जमलेल्या माणसांना सांगायचं की ती नाही. समोरासमोर सांगितलं की कुणी खत विचारणार नाही, असा माझा हिशेब.

आत गेलो. व्यासपीठावर मोठा फलक होता आणि त्यावर झाडांपेक्षा ॲडमिनबाईंचा फोटो मोठा होता. भिंतीकडं देवाणघेवाणीची टेबलं. एका टेबलावर पाटी होती, 'मनीप्लांट: चोरी कक्ष'. मनीप्लांट मागून आणला तर वाढत नाही, चोरूनच आणावा लागतो, असं लोक मानतात. म्हणून समितीनं सोय केली होती. तिथं एक गृहस्थ टेबलाकडं पाठ करून उभे होते आणि लोक रांगेत येऊन एकेक फांदी चोरत होते. एकानं दोन उचलल्या तर मागची बाई ओरडली, "ओ, माणशी एकच चोरायची!" पाठमोरे गृहस्थ म्हणाले, "मी काही बघितलेलं नाही."

ॲडमिनबाई हातात कागद घेऊन पळत होत्या. मी त्यांना गाठलं.

"मॅडम, मी हिरवी ओंजळचा नवरा. थोडं बोलायचं होतं."

"अहो या, या! त्या आल्यात म्हणून कळलं. पण सापडत नाहीयेत. सदाफुलीताई स्वच्छतागृहापर्यंत बघून आल्या. अकरा चाळीसला त्यांचा सत्कार आहे, 'हरितमैत्रीण' म्हणून. त्यांना सांगू नका हं, सरप्राइज आहे."

"तेच सांगायचंय. ती गेली."

"परत गेल्या?" बाईंचा चेहरा उतरला. "असं कसं? सत्काराआधीच? कुणी काही बोललं का त्यांना? सेंद्रियवाले असणार. मला वाटलंच होतं."

"नाही, कुणी काही नाही बोललं."

"मग तुम्ही घ्या त्यांच्या वतीनं. पाहुण्यांना पाऊणला दुसरा कार्यक्रम आहे, मला आता बदल करता येणार नाही. बरं, त्या रिक्षानं गेल्या का? अजून स्टँडवर असतील?"

आणि त्या गेल्या.

'वारली' हा शब्द मला म्हणता येत नव्हता. दाखल्यावर 'मयत' लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. मुलीला फोनवर सांगितलं तेव्हासुद्धा "आई गेली," एवढंच म्हणालो होतो. मुलीला कळलं. इथं कुणाला कळत नव्हतं. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो आणि अकरा चाळीसची वाट बघायला लागलो. तिथं माइकवरून सांगितलं नाही, तर सांगायचं राहूनच गेलं असतं. आणि मी तिचा सत्कार घेऊन मिरजेला परत गेलो असतो, आणि उद्या दुपारी दोनला पुन्हा कुणाच्यातरी गोकर्णाच्या बिया भिजवत बसलो असतो.

माझ्या शेजारी एक सडपातळ गृहस्थ होते. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, बोटांना काळं तेल. पुठ्ठ्यावर 'काटेसावर, विटा'.

"तुमचा बॅज कुठाय?" ते म्हणाले.

"मिळाला नाही."

"नशीबवान आहात. मला टाचणी टोचली दोनदा." व्यासपीठावर बोन्सायबाबा बोलत होते. त्यांच्याकडं बघून ते म्हणाले, "यांचं एकही बोन्साय खरं नाही. फोटो नेटवरचे असतात. मी पकडलं होतं, तर मला महिनाभर ग्रुपमधनं काढलं. मी हुसेन मुजावर. विट्यात जळलेल्या मोटारी भरतो, वायंडिंग. पंप, पंखे, सगळं. तुम्ही?"

"मिरजेचा. एसटीत होतो."

"मिरज? मग ओंजळबाई ओळखीच्या असतील. त्यांच्यासाठी आलोय मी. दुकान बंद ठेवून. बाकीच्यांशी माझं काही देणंघेणं नाही."

"त्यांच्याशी काय काम होतं?"

"भांडायचंय," मुजावर म्हणाले. "आठ वर्षं आम्ही भांडतोय. गुलाबाला चहाचा चोथा घालायचा की नाही. मी म्हणतो मुंग्या होतात. ती म्हणते, चोथा धुऊन घाला, साखर कोण मुंग्यांच्या बापानं धुवायची का? मला मूर्ख म्हणायची. चौदा हजार माणसांत. माझी बायको म्हणायची, तुम्ही जेवायला बसा, ती मिरजवाली कुठं पळून जात नाही."

मी खुर्ची त्यांच्याकडं थोडी वळवली.

"पण चार महिने झाले, बिघडलंय काहीतरी. मी लिहिलं, चोथ्यानं माझ्या मेव्हण्याचा गुलाब मेला. मुद्दाम लिहिलं, मला मेव्हणाच नाही. तर उत्तर काय आलं? 'धन्यवाद दादा, काळजी घ्या.' दादा! आठ वर्षांत मला दादा म्हटलं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, ही बाई आजारी आहे. नाहीतर हिला माझ्याबद्दल काही वाटेनासं झालंय. एकदा डोळ्यानं बघून येतो. काय झालंय तिला? माहीत आहे का तुम्हाला?"

"मी तिचा नवरा," मी म्हणालो. "ती गेली."

मुजावरांनी माझ्याकडं पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कधी?" ते म्हणाले.

सकाळपासून सगळ्यांनी 'कुठं' विचारलं होतं. मी हाताची बोटं वर करून महिने मोजले.

"तरीच," ते म्हणाले. "मग ते धन्यवाद?"

"मी लिहीत होतो."

"का?"

"लोक तिला विचारत होते. उत्तर दिलं की परत विचारायचे. तेवढा वेळ ती..." पुढचं त्यांनी मला म्हणायला लावलं नाही.

तेवढ्यात माइकवरून नाव आलं. "आता ज्यांची आपण सगळे वाट बघतोय, आपल्या लाडक्या हरितमैत्रीण, हिरवी ओंजळ! ताई थोड्या गडबडीत गेल्या आहेत, त्यामुळे सत्कार त्यांचे मिस्टर स्वीकारतील. जोरदार टाळ्या!"

मी वर गेलो. पाहुण्यांनी शाल घातली. नारळ दिला, वर एक रोप दिलं. दोन्ही हात भरले, म्हणून ॲडमिनबाईंनी माइक माझ्या तोंडापुढं धरला. माइक मला नवा नव्हता. मी सवयीनं बोललो, जसं स्टँडवर बोलायचो, प्रत्येक शब्द सुटा करून. "तुमची हिरवी ओंजळ. म्हणजे माझी बायको. तिचं नाव जाई. ती गेली."

थोडे लोक हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

"मोठ्यानं बोला!" मागून कुणीतरी ओरडलं. "कुठं गेली?"

"अहो, ती जाईची पोस्ट!" पुढच्या रांगेतली गुलाबी कर्दळ शेजारणीला म्हणाली. "मीच सांगितलं होतं यांना, जुई लावा म्हणून."

मी परत म्हणालो, "जाई गेली."

"काका, आत्ता हिवाळ्यात नाही धरायची," दुसरी एक म्हणाली. "फेब्रुवारीत लावा. मी कलम देते."

तेव्हा मागच्या रांगेतून मुजावर उभे राहिले. त्यांना माइकची गरज नव्हती. आयुष्यभर चालू मोटारीशेजारी बोललेला माणूस.

"वारली!" ते ओरडले. "बाई वारली! माणूस मेलंय, झाड नाही! कुठं गेली काय विचारताय? चार महिने झाले, आणि आपण तिला पेंड सांगतोय!"

सदाफुलीताई दाराशी पुठ्ठा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी दुसरा हात तोंडावर नेला. चोरी कक्षातले गृहस्थ पहिल्यांदाच तोंड फिरवून आमच्याकडं बघायला लागले.

ॲडमिनबाई हुशार होत्या. त्यांनी माइक घेतला. "ही आपल्या परिवाराची फार मोठी हानी आहे. आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू." सगळे उभे राहिले. बाईंनी मोबाइलवर वेळ लावली. एक मिनिट झालं तेव्हा पाहुण्यांनी घड्याळात बघितलं, तर बाईंनी वेळ बंद केली. "धन्यवाद. यानंतर पिठ्या ढेकणावर घरगुती उपाय. आणि जेवणाच्या रांगा कृपया नियमानुसार लावाव्यात."

जेवणाच्या वेळी बरेच जण माझ्याकडं आले. कुणी नमस्कार केला, कुणी खांद्यावर हात ठेवला. गुलाबी कर्दळ रडली, अगदी खरं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, ताईंची ती दुहेरी पाकळीची जास्वंद... तिच्या फांद्या काढल्यात का कुणी?" तिच्यामागून कुंडीतला वाघ म्हणाला की काळ्या अनंताचं पहिलं कलम मागं ताईंनी त्याला कबूल केलं होतं. अनंत काळा नसतो, एवढं मलाही आता कळत होतं. थोड्या वेळानं दोघातिघांनी माझा पत्ता कागदावर उतरून घेतला, आणि त्यांत पहिलं कोण येणार यावरून बारीक वाद झाला. सदाफुलीताईंनी तेवढं ताट आणून दिलं. "मला क्षमा करा," म्हणाल्या. "मी त्यांना हाका मारत फिरले." मी म्हणालो, मारल्या ते बरं केलं.

मुजावर कुठल्याच रांगेत उभे राहिले नाहीत. ताट घेऊन ते कोपऱ्यातल्या टेबलाशी आले आणि माझ्यासमोर बसले.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "तुमच्याबद्दल लिहायची ती."

"माझ्याबद्दल?"

"कमी. कधीतरी. एकदा लिहिलं होतं, आमच्याकडं एक जण झाडांना पाणी घालतो तेव्हा अगोदर घड्याळ बघतो. झाड वेळेवर सुटलं पाहिजे असं त्याला वाटतं."

मी हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसताच ठसका लागला. मुजावरांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि माझ्याकडं बघितलं नाही.

"काय झालं होतं तिला?" मग त्यांनी विचारलं.

"ताप."

"एवढंच नको. नीट सांगा. पहिल्यापासून."

"सोमवारी सुरू झालं," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी ती गच्चीवर गेली नाही."

मी सांगत गेलो. नात्यात सगळ्यांना मी चार वाक्यांत सांगितलं होतं, आणि चार वाक्यांत त्यांचं भागलं होतं. मुजावर मध्ये मध्ये विचारत होते. किती ताप होता? काही खाल्लं का? तुम्ही जवळ होता? ती काय बोलली? आमटीवर साय धरली. रांगा संपल्या. बाहेर पुणेवाल्यांची गाडी लागली आणि ज्याला त्याला आपापलं रोप खिडकीशी पाहिजे म्हणून तिथं भांडण लागलं. व्यासपीठावरचा फलक उतरवून गुंडाळला. कार्यालयाचे व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले.

"आटपा काका. चारला रिकामं करायचंय. संध्याकाळी साखरपुडा आहे."

मी ताट उचलायला लागलो. मुजावरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा हो जरा," ते व्यवस्थापकांना म्हणाले. "आम्ही अजून बुधवारपर्यंतच आलोय." मग माझ्याकडं वळले. "हां. बुधवारी सकाळी डॉक्टर आले. मग?"